तीस मिनिटांचा अभिषेक

॥ श्री वीतरागाय नमः ॥

सातारा,
भाद्रपद वद्य षष्ठी, १९७७

प्रिय शालन,
जय जिनेंद्र.

तुझ्या माहेरचा वाटेकरी केरबा काल दुपारी येऊन गेला. तू पाठवलेलं सगळं पोचलं. नवे मूग दोन किलो, ओल्या शेंगा पावणेपाच किलो, लोणकढ्या तुपाची एक बरणी आणि फडक्यात बांधलेली चिंच. एस.टी.च्या टपावरच्या बोचक्याचे एक रुपया वीस पैसे पडले, स्टँडवरच्या हमालाने चाळीस पैसे घेतले. शेंगा तू पाच किलो मोजून दिल्या होत्यास म्हणे. मी वजन केलं तेव्हा केरबा हसला नि म्हणाला, "वैनी, पाव किलो माज्या नावावर मांडा. कंडक्टर लय बोलका हुता, त्येचं त्वांड बंद ठेवाया कायतरी द्याया लागतंय की." त्याला पोहे दिले, चहा दिला. जाताना पन्नास पैसे हातावर ठेवले, तर घेईना. तो गेल्यावर मी तुपाची बरणी उघडली, वास घेतला आणि झाकण परत लावून टाकलं. तुझं तूप माझ्या ताटात वाढून घ्यायची मला लाज वाटली, शालन. आपली आठवण काढून कुणी काही पाठवलं की माणसाला बरं वाटतं. मला तोंडात मारल्यासारखं झालं.

बोचक्यात तुझं क्षमावणीचं कार्डही होतं. छापील, नेहमीचं. मन, वचन, कायेने, कळत-नकळत काही अपराध घडला असल्यास क्षमा असावी, आणि खाली तुझी गोल अक्षरातली सही. मीही दर वर्षी चार डझन कार्डं छापखान्यातून आणते आणि मजकूर न वाचता सह्या ठोकते. ह्यांच्या आत्याला, सांगलीच्या नणंदेला, आणि जिच्याशी वर्षभर एक शब्द बोलणं झालं नाही तिलासुद्धा. यंदा सत्तेचाळीस कार्डं टपालात पडली. अठ्ठेचाळिसावं तुझ्या नावाचं आहे, ते पाच दिवस समईपाशी पडून आहे. रोज पूजा झाली की उचलते, सही करायला घेते आणि ठेवून देते. छापील ओळीखाली सही करून सुटावं असा अपराध नाही हा. म्हणून कार्ड सोडून कागद घेतला.

आणि पत्र मुद्दाम माहेरच्या पत्त्यावर टाकते आहे. सासरी माधवनगरला तुझं पत्र आधी मामंजी फोडतात, मग सासूबाई वाचून घेतात, आणि राहिलंच काही तर ते तुला मिळतं. भाचीचं बारसं आटपून तू परत जायच्या आत हे तुझ्या हाती पडायला हवं. एकटीच वाच.

तुला माधवनगरची पहाट आठवते का असं विचारणं म्हणजे माशाला पाणी आठवतं का विचारण्यासारखं आहे, तरी विचारते. मी तुझ्यानंतर तीन वर्षांनी त्या गल्लीत लग्न होऊन आले. एका गावच्या दोघी एकाच देवळाच्या, बस्तीच्या वाटेवर पडलो, तेव्हा मला केवढा धीर आला होता! तू साडेपाचला सोवळ्याचं पातळ नेसून, पदर कानामागून घेऊन यायचीस. उपाध्ये पार्श्वनाथांच्या मूर्तीसमोर कलश मांडायचे आणि तू खांबाला टेकून बसायचीस. तुझ्या डाव्या बाजूला मी, हातात झांज घेऊन. गळा मला देवाने दिलाच नाही. झांज तेवढी चुकवत नव्हते.

तू अभिषेकाचं स्तवन कधी कालच्यासारखं म्हटलं नाहीस. थंडी असली की खालच्या पट्टीत सुरू करायचीस, म्हणायचीस, "घसा गरम होऊ दे, मग बघू." उपाध्यांचा हात संधिवाताने कापायचा, दुधाची धार तुटायची, तेव्हा तू ओळ लांबवायचीस, एकच शब्द तीन तऱ्हेने फिरवायचीस, आणि त्यांचा कलश सावरला की पुढच्या कडव्यावर यायचीस. रंगूबाईंचे मालक गेले त्या महिन्यात तू सगळं स्तवन इतकं सावकाश नि खाली म्हणायचीस की त्यांना रडत रडतसुद्धा तुझ्याबरोबर म्हणता यावं. कधी पाऊण तास लागे, कधी तासाच्या वर. शेवटची शांतिधारा झाली, कपाळाला अभिषेकाचं गंधोदक लावलं, की आपण विहिरीच्या कट्ट्यावर बसून लवंग चघळायचो आणि मिलच्या भिंतीकडेच्या लांबच्या वाटेने घरी यायचो. घरात तुला गुणगुणायचीही चोरी होती. "सुनेचा आवाज माजघराबाहेर गेला न्हाई पायजे," हे मामंजींचं वाक्य साऱ्या गल्लीला पाठ होतं. पण बस्तीत तुझ्या गळ्याचं कौतुक व्हायचं, बस्तीचा कारभार बघणारे नानासो चारचौघांत मामंजींना म्हणायचे, "तुमच्या सूनबाईंनी आमचा अभिषेक उजळला," म्हणून तेवढी मोकळीक मिळायची. दिवसातला तो दीड तास तुझा होता. मला हे माहीत नव्हतं असं मी म्हणू शकत नाही. लांबच्या वाटेने तुझ्याबरोबर चालणारी मीच होते.

दोन वर्षांपूर्वीच्या आषाढात ह्यांच्या ऑफिसातल्या एकाच्या मेहुण्याने बोटीवरून आणलेला टेपरेकॉर्डर विकायला काढला. चारशे पंचवीस रुपये. एवढे पैसे ह्यांनी एका वस्तूवर घातलेले मी जन्मात पाहिले नव्हते. चार दिवस मी त्या यंत्राकडे सवतीकडे बघावं तसं बघत होते. पण ते घरात आलं तर त्याचा उपयोग झाला पाहिजे, म्हणून मीच शिकायला बसले. कर्णा-लाउडस्पीकर भाड्याने देणारा बिराप्पा आमच्या दारावरून जायचा. त्याने ओट्यावर बसून सगळं दाखवलं. नुसतं काळं बटण दाबलं की वाजतं. लाल आणि काळं एकदम दाबलं की समोरचा आवाज आत जातो आणि आधी असलेला पुसून जातो. कॅसेटच्या पाठीवर दोन लहान पापुद्रे असतात. आपल्याला हवं ते भरून झालं की ते मोडायचे, मग मशीन त्यावर दुसरं काही भरू देत नाही. "आनि कवा परत भराया लागलं, तर त्या भोकात कागदाचा बोळा कोंबायचा, वैनी. पर ह्ये कुनाला सांगू नगासा, धंद्याची गोष्ट हाय," असं म्हणून तो हसला होता.

श्रावणात तुला खोकला झाला होता, आठवतं? मी तुला म्हटलं, दुपारी ये, आमच्या मशीनला आवाज दे, चालतंय की नाही बघू. तू दोनदा विचारलंस, "कुठं लावणार न्हाईस ना, चंदा?" आणि मी म्हटलं, "घरच्या घरीच गं." त्या तीन दुपारी मी स्वयंपाकघर बंद करून घेतलं. खिडकीला गोधडी लावली, स्टोव्ह विझवला, घड्याळाचा लंबक हाताने थांबवला. पाटावर रग, रगावर मशीन, समोर तू. तीनचा मिलचा भोंगा तुझ्या ओळीत घुसला म्हणून मी तुला पुन्हा म्हणायला लावलं. पाण्याच्या नळाने घोटाळा केला, पुन्हा. तू खोकलीस, पुन्हा. मी फीत मागे फिरवायची, खोकल्याच्या आधी आणून थांबवायची आणि बोट वर करून खुणावायची, की तू तिथून पुढं म्हण. तिसऱ्या दिवशी तू वैतागलीस. "देवानं मला आजवर कधी पुन्हा म्हण म्हटलं न्हाई बघ," म्हणालीस. मी हसले. मला तेव्हा त्या बटणांची गोडी लागली होती. तीन दुपारींमधल्या चांगल्या चांगल्या ओळी एकापुढे एक लावून मी एक अख्खी सकाळ तयार केली. तिच्यात खोकला नव्हता, थांबणं नव्हतं, घसा गरम व्हायची वाट पाहणं नव्हतं. कॅसेटची एक बाजू तीस मिनिटांची, म्हणून दोन कडवी गाळली. सगळं बरोबर बसलं. आणि मी पापुद्रे मोडले.

पर्युषण पर्वाच्या पहिल्या दिवशी ते मशीन नि ती कॅसेट मी बस्तीला दान दिली. तुला आदल्या संध्याकाळी सांगितलं, तेही घाईत, दारातून. कारण काय दिलं होतं ते मला शब्दन् शब्द आठवतं. तुझ्या छातीला पहाटेची थंडी बाधते, दहा दिवस उपवास, तुला आराम मिळेल, आणि देवाची सेवाही चुकणार नाही. शालन, ते खोटं नव्हतं, पण पुरतं खरंही नव्हतं. एकदा पोळ्या लाटल्या तर त्या आठ दिवस पुरत नाहीत याचा मला जन्मभर राग; एकदा म्हटलेलं रोज पुरतं म्हटल्यावर माझ्या काटकसरीच्या डोक्याला ते पुण्यच वाटलं. हे दुसरं कारण. तिसरं सांगायला लेखणी रेटवत नाही. बारा वर्षं मी तुझ्या शेजारी झांज घेऊन बसले. बायका बाहेर पडताना तुझा हात धरायच्या, माझ्याकडे बघून "ह्या पण असतात" म्हणायच्या. त्या तीन दुपारी पहिल्यांदा तुझा आवाज माझ्या बोटाखाली होता. मी म्हणेन तेव्हा सुरू, मी म्हणेन तेव्हा बंद. आणि भर पर्वात नानासोंनी माझं नाव पुकारलं, भिंतीवर पाटी लागली, 'ध्वनियंत्र, सौ. चंदनबाला मगदूम यांजकडून'. आवाज कुणाचा, हे त्या पाटीवर नाही. मी रंगाऱ्याजवळ उभी होते. एक ओळ वाढवायला सांगता आली असती. जागा होती.

आपल्या पाच व्रतांत चोरीची व्याख्या लहानपणी आपण घोकली होती, न दिलेलं घेणं. मी कुणाच्या शेतातली कणीसभर ज्वारी कधी घेतली नाही, वाण्याने चुकून जास्त दिलेले दहा पैसे उन्हातून परत नेऊन दिले. आणि तुझ्याकडून तू न दिलेलं घेतलं.

पुढचं तुला माहीत आहे, तरी मला काय काय दिसलं होतं ते माझ्याकडून ऐक, म्हणजे मी आंधळी नव्हते हे तुला कळेल. पहिले आठ दिवस तू येऊन खांबाशी बसलीस. मशीनला जोडलेल्या कर्ण्यातून तुझा आवाज नि खाली तू गप्प. बायका आधी तुझ्याबरोबर ध्रुवपद म्हणायच्या. यंत्राबरोबर कुणी तोंड उघडेना. उपाध्यांची तर ससेहोलपट झाली. फीत त्यांच्या हातासाठी थांबत नाही. ते दूध घाईने ओतायला लागले, आणि एकदा शांतिधारा अर्ध्यावर असताना खट्कन बटण वर आलं नि सगळं चिडीचूप. त्यानंतर त्यांनी मधली एक पूजाच आटोपती घेतली. तीस मिनिटांत बसवली. अभिषेकाला मी वेळ नेमून दिला, शालन, मी, जिला देवाच्या दारात झांज वाजवण्यापलीकडे काही येत नाही. एकदा वीज गेली तेव्हा सेलवर लावलं. सेल उतरलेले. तुझा आवाज रडका, जाडा होत होत बाप्यासारखा झाला. रात्रपाळी सुटलेले मिलचे लोक रस्त्यावर उभे राहून "आज शालनवैनींच्या बदली रेडा बसलाय वाटतं" म्हणून खिदळले. तू पदर तोंडावर घेऊन निघून गेलीस. दिवाळीनंतर तू आलीच नाहीस. मी तुझ्या घरावरून जात होते. दारात थांबत नव्हते. मनाला सांगत होते, तिला आराम मिळतोय.

गेल्या उन्हाळ्यात ह्यांची बदली झाली नि आम्ही साताऱ्याला आलो. सुटल्यासारखं वाटलं मला, हेही लिहिते. इथे आपली घरं थोडी, बस्ती लहान, यंत्र नाही. चार बायका बेसूर म्हणतात आणि त्यांच्यात मीही. पहिल्यांदा तोंड उघडलं त्या दिवशी माझं मलाच हसू आलं, मग रडू.

यंदाच्या पर्वाला, थेट क्षमावणीपर्यंत, धाकट्या नणंदेकडे माधवनगरला आले. तिसऱ्या दिवशी, उत्तम आर्जवाच्या, मनाच्या सरळपणाच्या दिवशी, मनाशी ठरवून तुझ्या घरी आले. नेमकी अभिषेकाची वेळ होती. कर्ण्यातून तुझा आवाज सगळ्या गल्लीवर येत होता आणि तू चुलीपुढे बसून भाकरी थापत होतीस. सासूबाई माळ ओढत म्हणाल्या, "बघ चंदनबाला, तुज्यामुळं केवढी सोय झाली! देवाला हिचा आवाज घरबसल्या पोचतोय. पहाटंचं सोवळं धुयाचं वाचलं, आनि म्हशीच्या धारंला हाताशी मानूस मिळालं." आणि मी हसून मान हलवली. आर्जवाच्या दिवशी. तू भाकरी तव्यावर टाकलीस आणि माझ्याकडे न बघता विचारलंस, "चंदा, तिसऱ्या कडव्यात मी खोकले होते. ते कुठं गेलं गं?" मी म्हटलं, पुसलं. तू म्हणालीस, "परवा धाकट्या जावेच्या पोरीला थोपटताना म्हणायला गेले, तर ते तसंच निघालं बघ. त्याच उड्या, त्याच जागा. दुसरीकडं वळतच न्हाई आता." एवढं बोलून तू विस्तव पुढं ओढलास. तू रागावली असतीस, दोन शिव्या दिल्या असत्यास, तर मी पायावर पडले असते. तू मला जाताना कुंकू लावलंस.

पुढचं तुला माहीत नाही. तू पौर्णिमेला सकाळी माहेरी गेलीस. त्याच दुपारी, पारणी झाल्यावर सगळं माधवनगर गाढ झोपलेलं असताना, मी बस्तीत गेले. मशीनच्या कपाटाची किल्ली उपाध्यांच्या कोनाड्यात असते. कॅसेट काढली. पर्समध्ये येतानाचं एस.टी.चं तिकीट होतं, हिशेबाला लावायला जपून ठेवलेलं. त्याची घडी केली नि मोडलेल्या पापुद्र्याच्या जागी कोंबली. लाल नि काळं बटण एकदम दाबलं आणि भगवंतांच्या समोर अर्धा तास बसून राहिले, फीत संपून बटण वर येईपर्यंत. हात जोडता आले नाहीत. तुझ्या त्या तीन दुपारी एकेक ओळ करून जात होत्या आणि ते मला ऐकूही येत नव्हतं. दिसत होती फक्त फिरणारी चाकं.

दुसऱ्या दिवशी क्षमावणी. बस्ती भरलेली. उपाध्यांनी कलश उचलला नि बटण दाबलं. कर्ण्यातून साऱ्या गल्लीला पारव्यांची फडफड ऐकू आली, मग बांगड्यांचा आवाज, मग कुणीतरी नाक ओढल्याचा. नानासो ओरडले, "अरं हे काय लावलंय, पारवं?" उपाध्ये कलश धरून उभेच. दूध हिंदकळायला लागलं. दोन वर्षांत कुणाचा गळा उघडला नव्हता, सगळ्या एकमेकींकडे बघत राहिल्या. आणि रंगूबाईंनी सुरू केलं. रहाटाच्या कण्यासारखा आवाज, दुसरं कडवं पहिलं आणि पहिलं कुठंच नाही. बायका आधी फिस्सकन हसल्या, मग एकेक करून मागून म्हणायला लागल्या. मीही म्हटलं. खूप चुकलं. तास-सव्वा तास लागला. उपाध्यांनी शांतिधारा संपवली तेव्हा ते घामाने भिजले होते, पण धार त्यांच्या हाताने पडली होती.

यात सगळं ठीक झालं असं समजू नकोस. गंधोदक कपाळावर वाळायच्या आत बिराप्पाला बोलावणं गेलं. नानासो त्याला वाटेल ते बोलले, हलकी फीत दिलीस, देवाच्या दारात फसवलंस. त्याने कॅसेट काढली, उलटी केली, बोटाने ती तिकिटाची घडी ओढून काढली आणि मान वर करून बायकांच्या रांगेत बघितलं. ती युक्ती त्याने मला एकटीलाच सांगितली होती. मला वाटलं, आता बोलेल. त्याने घडी खिशात टाकली आणि म्हणाला, "व्हय जी. फीत खराब हुतीया कवा कवा. मी दुसरी देतो, पैसं नकोत." माझ्यादेखत तो माणूस माझा दोष खिशात घालून घेऊन गेला आणि मी गप्प बसले. त्या दिवशी सगळ्यांनी एकमेकांची क्षमा मागितली. मीही मागितली, सगळ्यांची, हसऱ्या तोंडाने.

आता खरी गोष्ट. नानासोंनी तिथल्या तिथं ठरवलं की दसऱ्याला बिराप्पाच्या दुकानात नवं मोठं मशीन येतंय, त्यावर तुला पुन्हा बसवायचं. पेटी-तबल्यासकट, दोन्ही बाजू भरून, नि एकाच्या चार कॅसेटी करून ठेवायच्या, म्हणजे पुन्हा खराब व्हायची भीती नाही. तुझ्या सासूबाई तिथंच म्हणाल्या, "पाठवीन की. दुपारची तीन ते पाच. एकदाच काय ती कटकट." तू परत गेलीस की तुला हे हुकमासारखं सांगितलं जाईल. शालन, एकदा ते झालं की मग पुसायला कुणी पुरणार नाही. तू यंत्राला नको म्हण. म्हण, पहाटे येते, पूर्वीसारखी. आणि त्यांना खरं कळल्याशिवाय तुझं नको कुणी ऐकणार नाही, म्हणून मी नानासोंना पत्र लिहून ठेवलं आहे. त्यात सगळं आहे, तुला फसवून आवाज घेतला तो, पौर्णिमेला पुसला तो, आणि बिराप्पा निर्दोष आहे हे. ह्यांना वाचून दाखवलं. हे चष्मा पुसत म्हणाले, "पाटी काढतील." काढू देत. पण ते पाकीट मी अजून चिकटवलेलं नाही. ते गेलं तर तुझ्या घरी म्हणतील, दोघींनी मिळून ठरवलं, नि त्याची झळ तुला लागेल, मला इथे साताऱ्यात काही होणार नाही. शिवाय पुसताना मला वाटलं होतं मी तुझं तुला परत देते आहे. बसमध्ये बसल्यावर लक्षात आलं, तुझा तो आवाज आता जगात कुठंच नाही, आणि तो तुला ठेवायचा होता का, हे मी विचारलंच नाही. न विचारता घेतला, न विचारता पुसला. तिसरी गोष्ट तुला न विचारता करणार नाही, एवढ्यासाठी हे पत्र. सोबत माझा पत्ता घातलेलं कोरं कार्ड ठेवलं आहे. कार्ड उघडं असतं, चार जण वाचतात, तेव्हा बाकी काही लिहू नकोस. 'पाठव' किंवा 'नको' एवढा एकच शब्द लिही. 'नको' आलं तर मी ते पाकीट फाडीन, बिराप्पाला जाऊन भेटेन आणि उरलेलं माझं मी सोशीन. क्षमा आज मागत नाही, ती तुला वाटेल तेव्हा दे किंवा देऊ नकोस. दसरा अठरा-एकोणीस दिवसांवर आहे. तेव्हा पत्र वाचून झालं की त्याच दिवशीच्या टपालात कार्ड टाक.

तुझीच,
चंदा